भरल्या घरातील उपाशी मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला मीही चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. उभे राहून बोलण्याची मला सवय नाही, आणि शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. पण त्यांनी विषय विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "खाण्याचा आजार." त्यांना वाटले, मी अजीर्ण, आम्लपित्त यांवर घरगुती औषधे सांगणार. तसे नाही. ज्या घरात डबे भरलेले आहेत, दूधदुभते आहे, वाढणारी बाई प्रेमाने वाढते आहे, त्याच घरात एखादी मुलगी उपाशी राहून झिजत जाते, त्या आजाराविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या मंडळात आजवर पाककृती झाल्या, बालसंगोपन झाले, मधुमेहावर डॉक्टरीणबाईंचे भाषण झाले. पण हा विषय कोणी काढल्याचे मला आठवत नाही. ऐकणाऱ्यांपैकी काही जणी म्हणतील, "हे श्रीमंतांचे चोचले, आमच्याकडे नाही असले काही." म्हणून प्रथमच सांगते, हा आजार आमच्या घरात आला होता, आणि आमचे घर श्रीमंत नाही. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, माझी पुतणी, 2022 साली या दुखण्याने अंथरुणाला खिळली. आता ती बरी आहे. तिला विचारूनच मी इथे बोलते आहे. "काकू, नाव नको, बाकी सगळे सांग," असे ती म्हणाली. डॉक्टरांनी दिलेली पुस्तके आणि माहितीचे कागद तिनेच मला मराठीत समजावून वाचून दाखविले. त्यामुळे आज मी जे सांगेन त्यात निम्मे श्रेय तिचे आहे.

हे दुखणे नव्या जमान्याचे, मोबाइलचे, असा एक समज आहे. तो खरा नाही. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या वैद्याने 1689 साली क्षयरोगावर एक ग्रंथ लिहिला. त्यात ताप नाही, खोकला नाही, तरी अन्न नकोसे होऊन झिजत गेलेल्या दोन रोग्यांची हकीकत आहे. एक अठरा वर्षांची मुलगी, आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. मुलगी वाचली नाही. पुढे 1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग या दोघांनी, एकाच वर्षी पण वेगवेगळे, या आजाराचे वर्णन केले. गलसाहेबांनी त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' असे नाव दिले, आणि तेच आजतागायत चालत आले आहे. शब्दाचा अर्थ 'भूक नसणे' असा असला तरी तो फसवा आहे. बहुतेक मुलींना भूक लागते. त्या ती दाबून ठेवतात.

डॉक्टर या विकारांचे मुख्य तीन प्रकार सांगतात. पहिला हा अ‍ॅनोरेक्सिया. यात मुलगी खाणे कमी कमी करीत जाते, वजन वयाच्या मानाने फार उतरते, तरी आपण जाड होऊ ही धास्ती सुटत नाही. आरशात हाडे दिसत असताना तिला मात्र मांस दिसते. दुसरा ब्युलिमिया. लंडनच्याच जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी 1979 साली त्याचे वेगळे वर्णन केले. यात माणूस थोड्या वेळात भराभर पुष्कळ खातो, खाताना स्वतःला आवरू शकत नाही, आणि मग भीतीने ओकून टाकतो, जुलाबाची औषधे घेतो किंवा दिवसभर उपाशी राहतो. वजन बेताचेच असल्याने घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. तिसरा प्रकार अनावर खाण्याचा, ज्याला इंग्रजीत बिंज ईटिंग म्हणतात. त्यात ओकणे वगैरे नसते; पण भूक नसताना चोरून, लाजत, पोट दुखेपर्यंत खाणे आणि मग स्वतःचा तिटकारा करणे असते. या प्रकाराला 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. त्याआधी अशा माणसाला खादाड म्हणून सगळेच मोकळे होत असत. अजूनही होतात.

आता आमच्याकडे काय झाले ते सांगते. मुलगी अभ्यासात हुशार, पहिल्या तिनांत येणारी, वहीची एक ओळ वाकडी गेली तरी पान फाडून पुन्हा लिहिणारी. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच बसविला होता. मापाचा पोशाख तिला घट्ट झाला आणि कोणीतरी चारचौघांत हसून बोलले. तेवढे निमित्त झाले. आधी तिने गोड सोडले. आम्हाला कौतुक वाटले. मग भात सोडला, मग तूप, मग रात्रीचे जेवण. संकष्टी ती पूर्वीपासून करीत असे. आता सोमवार आला, गुरुवार आला, श्रावणात तर सबंध आठवडाच उपवासाचा झाला. पण उपवासाला म्हणून केलेली खिचडीही ती खात नसे. शाळेचा डबा रिकामा येई. तो वाटेतल्या गाईला जात होता, हे पुढे कळले. आणि गंमत अशी की, स्वतः न खाणारी ही मुलगी स्वयंपाकघरातून हलत नसे. इतरांसाठी केक करी, पुऱ्या तळी, सगळ्यांना आग्रह करकरून वाढी, आणि आपण नुसती बघत बसे.

मग हात गार पडू लागले. वैशाखातही ती अंगावर शाल घेई. केस विंचरताना झुबके येत. हातांवर, पाठीवर बारीक मऊ लव उगवली. पाळी बंद झाली. माझ्या जाऊबाईंनी तिला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "वयाचे वारे आहे, रक्त कमी आहे," आणि टॉनिक लिहून दिले. पुढे दोन महिन्यांनी ती शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, घड्याळ पाहिले आणि आम्हाला बसूही न देता मोठ्या रुग्णालयात पाठविले. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली आली होती. शरीराला अन्न मिळेनासे झाले की ते स्वतःचे स्नायू खाऊ लागते, आणि हृदयही स्नायूच आहे, हे मला त्या दिवशी कळले. मनाच्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. कॅरन कार्पेंटर नावाची अमेरिकेतील जगप्रसिद्ध गायिका 1983 साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी याच आजाराने हृदय बंद पडून गेली. तेव्हा "चोचले" हा शब्द आपण आता टाकून देऊ या.

हे होते कशाने, हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो, आणि त्याच्या पाठीमागे दुसरा प्रश्न दडलेला असतो, "माझे काय चुकले?" आमच्या जाऊबाई रुग्णालयाच्या बाकावर रात्ररात्र हेच म्हणत. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना जे सांगितले ते मी जशास तसे सांगते. "एक कारण नसते. बी असते, माती असते आणि पाऊसही असतो. तुम्ही यातले कोणीच पेरलेले नाही."

बी म्हणजे जन्मजात ठेवण. हा आजार काही घराण्यांत अधिक दिसतो. जगातल्या अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून जवळजवळ 17,000 रोग्यांचे रक्त तपासून 2019 साली असे प्रसिद्ध केले की, या आजाराशी संबंध असलेल्या आठ जागा माणसाच्या गुणसूत्रांवर सापडतात. आणि त्यांचा संबंध केवळ मनाशी नसून शरीर अन्न कसे जाळते याच्याशीही आहे. म्हणून दोन मैत्रिणी एकदमच पथ्य धरतात. एक महिन्याभरात कंटाळून वडापाव खाते आणि दुसरी त्यात रुतत जाते. स्वभावाचाही भाग असतो. अति नेटकेपणा, अति हुशारी, कोणाला नाही म्हणता न येणे, असा स्वभाव पुष्कळदा आढळतो. आपण ज्या मुलींना "किती गुणी!" म्हणतो, त्या या.

माती म्हणजे उपासमार स्वतःच. हे मला फार नवल वाटले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुण पुरुष निवडले. सगळे स्वखुशीने आलेले, अंगाने धडधाकट आणि मनाने शांत. त्यांना सहा महिने निम्म्याच्या आसपास जेवण दिले. ते पुरुष काय करू लागले? दिवसरात्र अन्नाच्या गोष्टी बोलू लागले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. घासभर अन्न तासभर पुरवून खाऊ लागले, ताटल्या चाटू लागले. चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांतून उठले, उन्हाळ्यात थंडीने कुडकुडू लागले. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही मन ठिकाणावर यायला त्यांना कित्येक महिने लागले. हे ऐकले आणि आमच्या मुलीचे केक, पुऱ्या आणि शाल, सगळ्याचा उलगडा झाला. ते तिचे वेड नव्हते. ते उपाशी मेंदूचे वागणे होते. म्हणूनच "आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग जेवेल" असे म्हणून भागत नाही. पोट भरल्याशिवाय मन ताळ्यावर येत नाही. आधी पोटोबा, मग विठोबा, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटले नाही.

आणि पाऊस म्हणजे आजूबाजूचे वारे. प्रशांत महासागरात फिजी नावाची बेटे आहेत. तिथे भरलेल्या अंगाची बाई सुंदर मानीत. पाहुण्याला पोटभर खायला घालण्याची रीत. तिथल्या एका भागात 1995 साली दूरदर्शन संच आले. अ‍ॅन बेकर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी त्याच वर्षी शाळकरी मुलींना प्रश्न विचारले होते; वजन उतरविण्यासाठी मुद्दाम ओकणारी त्यांत एकही मुलगी नव्हती. तीनच वर्षांनी, 1998 साली, पुन्हा विचारले तेव्हा शंभरात अकरा मुली तसे करीत होत्या. तो तर दिवाणखान्यात ठेवलेला एक संच होता. आता तर प्रत्येक मुलीच्या उशाखाली आरसा आहे, आणि त्यात दिसणारी तोंडे यंत्राने घासूनपुसून बारीक केलेली आहेत.

पण भगिनींनो, सगळा दोष मोबाइलवर टाकून आपण मोकळ्या होऊ नये. लग्नाच्या जाहिरातीत "सडपातळ" हा शब्द कोणी छापला? हळदीकुंकवाला आलेल्या मुलीला नावगाव विचारण्याआधी "अगबाई, किती सुटलीस!" असे कोण म्हणते? बाळंतपणातून उठलेल्या सुनेला, दहावीला बसलेल्या मुलीला, जो येतो तो वजनाचा हिशेब सांगून जातो. एका बोलण्याने आजार होत नाही, हे खरे. पण बी ज्या मुलीत आहे तिला तेवढे पाणी पुरते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. हा आजार आपल्या मुलींत नेहमीच पुस्तकातल्या रूपाने येत नाही. दिल्लीच्या डॉक्टरांनी 1995 साली पाच तरुण मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या जेवत नव्हत्या, ओकत होत्या, खंगल्या होत्या, पाळी बंद होती. पण "मी जाड आहे" असे एकही म्हणत नव्हती. हाँगकाँगच्या सिंग ली या डॉक्टरांनाही असेच रोगी भेटले होते. ते "पोट गच्च वाटते, भूक नाही" एवढेच सांगत. तेव्हा आपली मुलगी वजनाचे बोलत नाही, नुसते "पोट दुखते, मळमळते, नको" म्हणते आणि वाळत चालली आहे, तर पोटाच्या तपासण्यांत काही न निघाल्यावर तिथेच थांबू नये. आणि हो, मुलग्यांनाही हे होते. मॉर्टनच्या दोन रोग्यांत एक मुलगा होता, ते विसरू नका.

आता उपचारांकडे वळते. पहिली गोष्ट, घाई करून कोंबू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर जेवू घातले तर रक्तातले क्षार, विशेषतः फॉस्फेट, झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो. म्हणून जी मुलगी फार खंगली आहे तिचे पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच जावे लागतात. रोज रक्त तपासून, हळूहळू अन्न वाढवीत नेतात. आमची मुलगी रुग्णालयात तीन आठवडे होती.

खरे औषध सुरू झाले ते घरी आल्यावर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पहिली ओळ काय लिहिली असेल? "दिवसातून तीन जेवणे, तीन वेळा मधले खाणे. वाढणार मोठी माणसे." गोळी नव्हे, अन्न! अ‍ॅनोरेक्सिया बरा करील अशी गोळी अजून निघालेली नाही. गलसाहेबांच्या काळी असे मानीत की, या रोग्याजवळ नातेवाईक असणे सर्वांत वाईट, त्याला घरापासून दूर ठेवावे. पुढे शंभर वर्षे आईलाच बोल लागत राहिला. मग लंडनमध्ये रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट पडताळून पाहिले आणि 1987 साली दाखवून दिले की, कोवळ्या वयाच्या, आजार फार जुना न झालेल्या मुलींना घरच्यांना हाताशी धरून केलेल्या उपचारांचाच अधिक गुण येतो. आज जगभर किशोरवयीन मुलांसाठी हीच पद्धत प्रथम सुचवितात. जिला आजाराचे कारण म्हणत होते, ती आईच औषध निघाली.

पण हे औषध पाजणे सोपे नाही हो! जाऊबाई नोकरीला जात, म्हणून दुपारचे ताट माझ्याकडे आले. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, भाजी, चमचाभर तूप. त्याला दीड तास लागे. ती रडे, ताट सरकवी, "काकू, तू माझी वैरीण आहेस," म्हणे. पोटच्या मुलीसारखी वाढविलेली, तिच्या तोंडून हे ऐकताना काळजात कळ येई. पण डॉक्टरांनी बजावले होते, "हे मुलगी बोलत नाही, आजार बोलतो आहे. आजारावर चिडा, मुलीवर नको." म्हणून मी एवढेच म्हणे, "मी कुठे जात नाही. तूही जायचे नाही. पुढचा घास घे." वाद घालायचा नाही, लाच द्यायची नाही, रागवायचे नाही, आणि उठायचेही नाही. जेवण झाल्यावर तासभर तिच्याशी पत्ते खेळायचे, म्हणजे ओकायला जायला वाव राहत नाही आणि मनही दुसरीकडे लागते. वजन डॉक्टर घेत. घरातला वजनकाटा दिरांनी माळ्यावर टाकला.

उपवासांचा प्रश्न मात्र अवघड होता. मुलगी म्हणे, "देवाचे आहे, मोडणार नाही." देवाच्या आड आजार लपला होता, आणि त्याला हात कोण लावणार? आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, सोवळ्याच्या. आम्हाला वाटले, त्या तिचीच बाजू घेतील. त्यांनी एक दिवस तिला जवळ बसविले आणि म्हणाल्या, "आजाऱ्याला उपवास नाही, हे शास्त्रच आहे. तुझे सगळे वार मी घेते. देवाशी हिशेब माझा राहिला. तू जेव." आणि खरोखर त्यांनी तिचे सोमवार धरले. त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा भांडण न करता जेवली.

सात-आठ महिन्यांनी वजन सावरले, पाळी आली, आणि मगच मनाचे बोलणे खऱ्या अर्थाने सुरू झाले. समुपदेशन करणाऱ्या बाई तिच्याशी आठवड्यातून एकदा बोलत. परिपूर्ण असलेच पाहिजे, हा तिचा हट्ट त्यांनी हलके हलके सोडविला. मध्ये बारावीच्या वेळी पुन्हा घसरण झाली, पण या वेळी तिनेच येऊन सांगितले. हा आजार महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजायचा असतो. पुष्कळ मुली पूर्ण बऱ्या होतात, आणि जितके लवकर ओळखावे तितके बरे होणे सोपे.

ब्युलिमिया आणि अनावर खाणे यांचे उपचार थोडे निराळे आहेत. विचार आणि वागणूक बदलण्याची जी बोलण्याची पद्धत आहे, तिचा त्यांत चांगला गुण येतो. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न या डॉक्टरांनी ती या आजारांसाठी बसवून दिली. तिचे पहिले सूत्र ऐकाल तर आपल्या आजीचेच वाटेल. वेळच्या वेळी खा, मध्ये फार काळ उपाशी राहू नका. कारण दिवसभर कडक उपवास केला की रात्री बांध फुटतो, आणि बांध फुटला की पुन्हा उपवास. हे रहाटगाडगे नियमित खाण्यानेच थांबते. ब्युलिमियावर फ्लुऑक्सेटीन नावाची, मूळ उदासीनतेवरची, गोळीही डॉक्टर देतात. वारंवार ओकण्याने रक्तातले पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडते, आणि आम्लाने दातांचे वरचे कवच झिजते. ओकल्यावर लगेच दात घासले तर ते अधिक झिजते; नुसत्या पाण्याने चूळ भरावी. दात झिजलेले, गाल कानाखाली सुजलेले, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, जेवण होताच न्हाणीघराचा नळ सोडलेला, या खुणा दिसल्या तर समजावे.

ओळखण्यासाठी इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1999 साली पाच साधे प्रश्न काढले. ते मी आपल्या भाषेत सांगते. पोट गच्च झाले म्हणून तू मुद्दाम ओकतेस का? किती खाते यावर आपला ताबा राहिला नाही, अशी तुला काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरले का? सगळे बारीक म्हणत असता तुला आपण जाड वाटतो का? अन्नाच्या विचारानेच सारा दिवस व्यापला आहे का? यांपैकी दोनांना "हो" आले तर डॉक्टरांना दाखवावे. आणि चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, नाडी फार मंद, पाणीही नको म्हणणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकू नये.

कुठे जावे, हे पुष्कळांना कळत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे चौकशी करावी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत हे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि विमा कंपन्यांनीही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे असे सांगितले आहे. सरकारने 2022 साली टेलि-मानस ही सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर फुकट, मराठीतूनही बोलता येते. "मनाच्या डॉक्टरांकडे नेले तर मुलीचे लग्न कसे होईल?" असे आमच्याही घरात कोणी कोणी विचारले. माझे दीर एवढेच म्हणाले, "आधी मुलगी तर राहू दे."

आता आपण मंडळ म्हणून काय करू शकतो? माझ्या अल्पमतीला सुचले ते सांगते. आपल्या हळदीकुंकवाला, सहलीला, भिशीला कोणाच्याही अंगावर बोलायचे नाही. "जाड झालीस" नाही, आणि "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही नाही. आमच्या मुलीला आजारात सर्वांत जास्त शाबासकी मिळाली ती याच वाक्याने. वाढत्या वयाच्या मुलींना कडक उपवास करू देऊ नयेत. देवाला फूल वाहिले तरी पोचते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना वजन उतरविण्याच्या पथ्यांवर ठेवू नये. निदान एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यावे, मोबाइल बाजूला ठेवून. आणि शेवटचे आपल्यासाठी. आपण सगळ्यांना वाढून, उरलेसुरले, उभ्याउभ्या, तव्यावरची करपलेली पोळी खातो, आणि त्यालाच बाईचे वळण समजतो. "मला काय, मी नंतर खाईन." मुली ते पाहतात. कमी खाणारी बाई ती चांगली बाई, हा धडा त्यांना शाळेत कोणी शिकवीत नाही. तेव्हा उद्यापासून आपलेही ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्या. ऊनऊन खा. मुलींच्या देखत खा, चवीने खा.

शेवटी एकच विनंती. या सभेतली एखादी बाई घरी जाऊन मुलीचा डबा, मुलीचे हात, मुलीचे केस जरा निराळ्या नजरेने पाहील आणि तिला शंका येईल. तिने घाबरू नये, लाजू नये, आणि स्वतःला दोष देत बसू नये. माझ्याकडे यावे. डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर जाईन. आणि दीड तासाचे ताट लागले तर तिथेही सोबतीला बसेन. अशा वेळी शेजारी कोणी असले की पुष्कळ बळ येते.

 फराळाची व्यवस्था मागच्या दालनात केली आहे. कृपया कोणीही "मला नको" म्हणू नये.